गेटाच्या आतलं कोणी मोजत नाही

मूळचे आम्ही महूचे, बाबा फौजेत ड्रायव्हर, म्हणून दादानं आणि मीही स्टेअरिंगच धरलं, दादा लोडिंग टेम्पोवर, मी अ‍ॅम्ब्युलन्सवर. दोघांचे संसार मल्हारगंजात, एकाच घरात. लोक म्हणतात तुमची गाडी किती फटाफट येते. येते ना भिया, नाही कोण म्हणतंय.

पण काय सांगू तुम्हाला, दवाखान्यात पलंग रिकामा नसला की पेशंट आमच्याच स्ट्रेचरवर पडून राहतो, मतलब स्ट्रेचर आत, गाडी बाहेर, आणि मी पोर्चमध्ये उभा. त्या दिवशीही तसाच उभा होतो आणि वहिनीचा फोन, भावजी, ह्यांच्या छातीत कळ आलीय, लवकर या. घर तिथून गाडीनं पाच मिनिटांवर. मी कंट्रोल रूमला म्हटलं जातो, दादाला हातांवर उचलून आणतो, तर म्हणे बिना स्ट्रेचर गाडी हलवायची नाही, सांवेर रोडवरून दुसरी निघालीय. आत जाऊन नर्सच्या पाया पडलो, ती तरी काय करणार बिचारी, म्हणाली ह्या पेशंटला जमिनीवर ठेवू का. सांवेर रोडची गाडी आली तोवर दादा गेला होता. राग येतो हो, अजून येतो.

मग सर्व्हेवाल्या मॅडम आल्या, आमची सेवा कितपत चांगली ते बघायला. फोनपासून दवाखान्याच्या गेटापर्यंत किती वेळ लागतो, एवढंच विचारलं, बहोत बढिया म्हणाल्या. मी म्हटलं मॅडम, गेटाच्या आतलंही विचारा ना. तर म्हणे, वो हमारी स्टडी में नहीं आता, भैया.

दादाचा जलदानविधी झाला आणि मी ताडपत्रीवाल्याकडून जाड कापड शिवून घेतलं, दोन बांबू घातले, झालं जास्तीचं स्ट्रेचर, गाडीत ठेवलं. चेकिंगचे साहेब भडकले, ये अर्थी किसने रखी, पेशंट डर जाएगा, खाली उतरवायला लावलं. घरी आणलं तर बायको म्हणते, घरात तिरडी कशाला. बरोबर आहे तिचं, दिसतेच तशी.

परवा शेजारच्या काकू चक्कर येऊन पडल्या, मी पोर्चमध्ये अडकलेला, तेव्हा वहिनीनंच ती तिरडी काढली, गल्लीतल्या चौघांनी काकूंना तिच्यावर घालून दादाच्याच टेम्पोतून नेलं. वाचल्या. कुठल्याच सर्व्हेत नाहीत त्या. आता बायकोच ती दाराशी उभी करून ठेवते. तुमच्यावर तशी वेळ न येवो, मंगल होवो तुमचं, आणि आलीच तर आधी आमच्या घरी फोन करा.