साहेबाच्या सीटचं बटण

मनोरमा : सकाळी नऊला फॅक्स आला, प्लासिड सर. आपली सीटच्या बटणांची पॅनेलं चीनच्या त्या गाडीला बसत नाहीत.

प्लासिड : सगळी?

मनोरमा : एकूण एक.

प्लासिड : गोखिवऱ्यातल्या अख्ख्या कारखान्यांत असा गुळगुळीत साचा दुसरा दाखवा मला!

मनोरमा : गुळगुळीतपणाबद्दल तक्रार नाही. आपण डाव्या सीटचं पॅनेल केलं. त्यांना उजव्या सीटचं हवं होतं.

प्लासिड : ड्रायव्हरशेजारची सीट ना? मग डावीच की.

मनोरमा : त्यांचा ड्रायव्हर डावीकडे बसतो.

प्लासिड : ...म्हणजे ड्रॉइंग बरोबर होतं.

मनोरमा : मी विचारलं होतं तेव्हा. तुम्ही म्हणालात, ‘मनोरमाबाई, ट्रेसिंग उलटं पडलंय, आरशात धरून काढा.’

प्लासिड : म्हणालो. आता तेवढं माझ्या थडग्यावर कोरा.

मनोरमा : आज उत्तर गेलं नाही, तर काम दुसऱ्याला देणार आहेत.

प्लासिड : पहिलं परदेशी काम आपलं! अख्ख्या गिरीज गावाला सांगून बसलोय... पण ते बटण असतं तरी कशाला?

मनोरमा : साहेब मागे बसतो. त्याने दाबलं की पुढची सीट पुढे सरकते. त्याला पाय पसरता येतात.

प्लासिड : आणि पुढे बसलेला?

मनोरमा : गुडघे पोटाशी घेतो.

प्लासिड : अजबच! आमच्याकडे घर आशीर्वादायला फादर आले की गाडीत मानाने पुढे बसवतात. त्यांना मागून असं ढकललं, तर रविवारच्या प्रवचनात माझंच नाव निघेल.

मनोरमा : तिकडे मान मागच्या सीटला. म्हणून तर कंपनीने जुन्या युरोपियन गाडीचा सांगाडा घेतला आणि मागचं दार वीतभर लांबवलं. आधी सरकारी साहेबांनी घेतली, मग कारखानदारांनी. यंदा तिला नवं रूप देतायत, त्यात आपलं पॅनेल.

प्लासिड : खपतेय का अजून?

मनोरमा : हे काम आणून देणारा अंधेरीचा एजंट म्हणतो, नवे मालक तरुण आहेत, स्वतःच चालवतात. मागची सीट रिकामी.

प्लासिड : मग बटण दाबणार कोण?

मनोरमा : ते त्यालाही कोडंच आहे.

प्लासिड : असू दे. लिहा. पहिल्याच ओळीत, ‘चूक आमची.’ नवा साचा करतो म्हणावं.

मनोरमा : कारण लिहू?

प्लासिड : लिहा की. आमच्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो.

(दुपार. फॅक्स मशीन घरघरतं.)

प्लासिड : वाचा. नको, आधी इकडे बघा. चेहरा बघू तुमचा.

मनोरमा : काम आपल्याकडेच. नवे नमुने मागितलेत.

प्लासिड : देवाचे उपकार! तो उलटा साचा आधी भंगारात काढा, नजरेसमोर नको.

मनोरमा : थांबा, खाली आणखी आहे. ‘उलटा साचा मोडू नका. तुमच्यासारख्या देशांसाठी ही गाडी काढावी का, यावर आमच्याकडे बैठक चालू आहे.’

प्लासिड : आमच्यासारख्या, म्हणजे ड्रायव्हर उजवीकडे?

मनोरमा : हो.

प्लासिड : मग? काय ठरलं?

मनोरमा : तेवढं लिहिलेलं नाही.