जागं माणूस

अहमदपूरच्या बसस्टँडवर दत्तोपंत कालच्या कीर्तनातला अभंग गुणगुणत बसले होते. शेजारी एक बाप आपल्या पोराला लातूरला क्लाससाठी सोडायला निघाला होता.

"मल्लू, तिथं तरी रातभर गेम खेळू नको. टायमावर झोप."

"गेम काढून टाकला अप्पा, मोबाईलमधून."

"अन् ते ऑनलाईनवाले दोस्त?"

"सांगितलं त्यांना, परीक्षा झाल्यावर भेटू म्हणून. पण तुमच्या झोपेचं कसं?"

"मला काय झालंय?"

"आज्जी सांगत होती. तुमच्या लहानपणी भूकंप झाला तेव्हा घरात कुणीच जागं नव्हतं, तवापासून कुणी जागं असल्याबिगर तुमचा डोळा लागत न्हाई. मी खेळायला बसलो की तुम्ही घोरायचे."

दत्तोपंतांचं गुणगुणणं थांबलं.

"म्हणजे माझ्यासाठी खेळत होता का, शहाण्या?"

"न्हाई, मजेसाठीच. पण एका कानात हेडफोन घालायचो, दुसरा कान तुमच्याकडं."

"हं. मग असं कर. शनिवारचा खेळत जा थोडं. मी फोन लावतो, तो चालू ठेव बाजूला."

"अन् बंद कधी करू?"

"मी बोलायचा थांबून घोरायला लागलो की."