अंगाच्या मापाचं औषध

सून : हलू नका, बाबा. पट्टी काढतेय.

सासरे : मी कुठे हलतोय? पाय तुझ्या हातात, मान तुझ्या सासूच्या नजरेखाली. हलणार कुठे?

सून : गेलं. हेही जेल रिकामं!

सासरे : परत?

सून : काल संध्याकाळी लावलं तेव्हा निळंशार होतं. निळं म्हणजे आत औषध आहे. आता बघा, नुसतं पाण्यासारखं. आठवडाभर पुरायला हवं होतं हे.

सासरे : आठवडाभराचं औषध एका रात्रीत उधळलं. हुशार जेल म्हणाली होतीस ना? आमचं जुनं मलम बिचारं बावळट. दाबलं की बाहेर, नाही दाबलं की ट्यूबमध्ये. पण स्वतःचं डोकं नव्हतं, म्हणून टिकायचं.

सून : त्या मलमाला जखम कधी बिघडतेय ते कळत नव्हतं. याला कळतं. जखमेतल्या पाण्यात साखर वाढली की हे फुगतं, सैल पडतं आणि औषध सोडतं. साखर उतरली की पुन्हा आवळून बसतं.

सासरे : आणि एवढं ज्ञान त्याला आलं कुठून? भेंडीतून.

सून : भेंडीच्या आणि जवसाच्या चिकातून.

सासरे : ऐकलंस का गं? जन्मभर तू भेंडी पुसून पुसून चिरलीस, चिकटपणा जावा म्हणून. तो नुसता बरणीत भरून ठेवला असतास, तर आज घरात दोन डॉक्टरेट असत्या.

सासू : जन्मभर तुमचा चिकटपणा सांभाळला, त्याची कुणी दिली का डॉक्टरेट? पाय सरळ ठेवा.

सून : बाबा, हे तिसरं आहे. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख आज म्हणाल्या, या पेशंटला चाचणीतून काढू. बाकी सगळ्यांचं जेल नीट चालतंय.

सासरे : बाकी सगळे पास आणि घरचाच नापास. छान.

सून : आणि काढलं तर सर्जन थांबणार नाहीत. सोमवारची वेळ देऊन ठेवलीय त्यांनी.

सासरे : बोट कापायची ना? माहीत आहे. मला म्हणाले, "अंगठ्याशेजारचंच तर आहे, फारसं अडणार नाही." जशी काही त्यांच्याकडे चार जास्तीची पडलीत. सबंध शिलाईचं दुकान मी याच पायावर चालवलं. मशीनचं पायडल काय तोंडानं मारत होतो?

सून : म्हणून तर विचारतेय, तुमच्याच बाबतीत हे का व्हावं? प्रत्येकाचं जेल त्याच्या अंगाच्या मापाचं आहे. तुमचं बनवायच्या आधी आठवडाभर रोज जखमेतलं पाणी तपासलं. तुमची रोजची साखर किती, ते पाहिलं. तेवढीला गप्प बसायचं आणि त्याच्या वर गेली तरच उघडायचं, असं बेतलंय ते.

सासरे : मग बेतण्यात चूक असेल. नाहीतर कापडच वाईट, मग शिंपी तरी काय करणार?

सून : दोनदा तपासलं. तुमच्या त्या आठवड्याइतकी साखर पाण्यात कालवून त्यात बुडवून ठेवलं, तर शहाण्या मुलासारखं बसून राहिलं. तुमच्या पायावर आलं की मात्र घराला आग लागल्यासारखं वागतं.

सासू : कुठला गं तो आठवडा?

सून : गेल्या महिन्यातला. मी रोज सकाळी येऊन नमुना न्यायचे, तो.

सासू : हां. तो आठवडा.

सासरे : तू चहा टाक जा.

सासू : टाकते की. त्या आठवड्यासारखा टाकू?

सून : म्हणजे काय, आई?

सासू : अगं, त्या आठवड्यात हे ओळखू येत नव्हते. कोरा चहा, बिनसाखरेचा. जेवायला उकडलेली गाजरं. बिस्किटांचा डबा स्वतःच्या हातानं माझ्या कपाटात ठेवला, साड्यांच्या मागे. मला वाटलं, डॉक्टरांनी काहीतरी भयंकर सांगितलंय आणि हे माझ्यापासून लपवतायत. मी कोपऱ्यात जाऊन रडले माहितीये!

सून : आणि शेवटचा नमुना नेला त्या दिवशी?

सासू : तू जिना उतरत होतीस, तेव्हा डबा टेबलावर होता.

सासरे : काहीतरीच! ही रस्ता ओलांडून पलीकडे जाईपर्यंत थांबलो होतो मी.

सून : बाबा!

सासरे : बाबा काय, बाबा? डॉक्टरकडे तपासून घ्यायला जाताना माणूस धुतलेला बनियन घालतो. तसंच ते.

सून : ते तपासणं नव्हतं, माप घेणं होतं! या जेलला वाटतंय, तुम्ही कुणी साधुपुरुष आहात. तुमचा रोजचा गोड चहा झाला तरी ते घाबरून सगळं औषध ओतून मोकळं होतं. मग खरोखर जखम चिघळते, तेव्हा ते रिकामं.

सासू : आणि दुकानात काय ओरडायचात? "साहेब, पोट सोडा. असं आत ओढून माप दिलंत तर पँट तुम्हाला नाही, तुमच्या फोटोला बसेल."

सासरे : ते गिऱ्हाइकांना होतं.

सून : पण का केलंत असं?

सासरे : आता झालं ते झालं.

सून : नाही, सांगा.

सासरे : अगं, तुझ्या तिथे ते आकडे सगळे बघणार. ती तुझी प्रमुख बघणार, ती चष्मेवाली मंडळी बघणार. म्हणतील, ही बाई जगाच्या जखमा भरायला निघालीय आणि हिचा सासरा घरी बिस्किटं बुडवून खातोय. तुला खाली बघायला लागलं असतं.

सून : माझ्यासाठी केलंत?

सासरे : मग काय गाजरांच्या प्रेमापोटी?

सून : अहो, त्या आकड्यांवर नाव नसतं. नुसता क्रमांक असतो. तुम्ही माझे कोण, ते एकट्या प्रमुखांना ठाऊक आहे, आणि त्या स्वतः टेबलाच्या खणात पेस्ट्री लपवतात.

सासरे : म्हणजे आठवडाभर मी एका क्रमांकाची अब्रू सांभाळत होतो?

सासू : फार छान सांभाळलीत. त्याला कळवा.

सून : आता ऐका. प्रमुखांना मी आजच खरं काय ते सांगते. आजपासून पुन्हा माप. सर्जनना भेटून सोमवार पुढे ढकलायला सांगते.

सासरे : ढकलतील?

सून : जखम अजून हाडापर्यंत गेलेली नाही. ढकलतील, असं वाटतंय मला. पण शब्द नाही देत.

सासरे : बरं. आणि या खेपेला कसं खायचं? साधूसारखं की माझ्यासारखं?

सून : डॉक्टरांनी सांगितलंय तसं. पण कायमचं जमेल तेवढंच. त्याहून कडक पथ्याची हौस एक दिवसही करायची नाही.

सासरे : चहात अर्धा चमचा साखर.

सासू : अर्धा म्हणजे सपाट अर्धा.

सासरे : सपाट. आणि सकाळी एक बिस्किट. ते नाही सुटायचं, आधीच सांगून ठेवतो.

सून : चालेल. एक बिस्किट धरूनच जेल बनवू. पाय द्या इकडे.

(सून नव्यानं नमुना घेऊ लागते.)

सून : भीती वाटते का, बाबा? सोमवारची?

सासरे : हेही कळतं का तुझ्या जेलला?

सून : नाही. हे विचारावं लागतं.

सासरे : थोडीशी वाटते.

सासू : अहो.

सासरे : बरं. थोडीशी नाही.