मानपत्रातल्या एका ओळीबद्दल

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष असलेले आमच्या कंपनीचे संचालक, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आमच्या बाई, त्यांचे यजमान आणि लेक, आणि समोर बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मला तीन मिनिटं दिली आहेत. सूत्रसंचालकांनी आधीच बजावलंय, "फक्त आभार मान, भडकू नकोस." प्रयत्न करतो.

बाईंनी मला कामावर घेतलं तेव्हा माझ्याकडे पदवी नव्हती. दुसऱ्या वर्षी प्राध्यापकांशी भांडून मी कॉलेज सोडलं होतं. मुलाखतीत बाईंनी विचारलं, "भांडण कशावरून?" मी म्हणालो, "त्यांचा प्रोग्राम चुकीचा होता." "आणि तुझा?" "माझाही चुकीचाच निघाला, पण नंतर." त्या हसल्या. "सोमवारपासून ये." त्या सोमवारचे आभार कोणत्या शब्दांत मानायचे?

आता मानपत्राबद्दल. फार सुरेख लिहिलंय. त्यातली एक ओळ अध्यक्षांनी आत्ताच मोठ्या प्रेमानं वाचली: 'सव्वीस वर्षांत बाईंचा हात एकदाच चुकला, तो रुग्णालयातल्या नावांच्या वेळी.' सगळे हसले. बाईही हसल्या. मला हसता आलं नाही, कारण तो हात माझा होता.

बाई, खाली बस म्हणून खुणा करू नका. मला दिसतंय.

पाहुण्यांसाठी थोडक्यात सांगतो. रुग्णालयासाठी केलेल्या आमच्या प्रोग्राममध्ये प्रत्येक रुग्ण म्हणजे एक ऑब्जेक्ट, माहितीची एक पेटीच म्हणा. नाव, फोन, विभाग हे त्याचे गुणधर्म. आमच्याकडे टेस्टिंग करणाऱ्या, तिसऱ्या रांगेत निळा स्वेटर घालून बसलेल्या बाईसाहेब एकदा म्हणाल्या, "लांब नावं स्क्रीनवर चौकटीबाहेर पळतायत. बघवत नाही अगदी." त्यांना बघवत नाही म्हटल्यावर मला कुठला दम निघतोय? (या हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त त्यांनाच नव्हतं. चला, तेही झालं.) तासाभरात मी प्रत्येक गुणधर्माला मदतीच्या मेथड, म्हणजे ठरलेलं एकेक काम करणारे छोटे कोड, जोडल्या. एक आजूबाजूच्या मोकळ्या जागा छाटणारी, एक आद्याक्षरं काढणारी, आणि एक वीस अक्षरांवर मजकूर कापून पुढे तीन टिंबं ठेवणारी.

बाईंचा नियम साधा होता. अशा मेथडनं मूळ मजकुराला हात लावायचा नाही, हवी तशी नवी प्रत करून द्यायची. माझी मेथड मात्र कापलेलं नाव मूळ जागीच लिहीत होती. बाईंना न दाखवताच मी ते रुग्णालयात सुरू केलं, कारण मला तिसऱ्या रांगेतून "अरे वा, झालंसुद्धा?" ऐकायचं होतं. ते ऐकलं. तिकडे कोणी यादी उघडली की लांब नावं कापली जात होती. दुपारपर्यंत एकही धड उरलं नाही.

जुनी नावं बॅकअपमधून परत आली. पण त्याच सकाळी नोंदलेली एक्केचाळीस नावं बॅकअपमध्ये नव्हतीच. नशीब, फोन नंबर आखूड, म्हणून वाचले. बाई म्हणाल्या, "लाव फोन एकेकाला. नाव विचार आणि माफी माग."

सातव्या फोनवर एक आजोबा कडाडले, "सकाळीच सांगितलं की! लिहून घेता की नुसतं ऐकता?" माझं डोकं सटकलं. "आजोबा, परत सांगायला तुमचं काय जातंय?" बाईंनी रिसीव्हर माझ्या हातातून काढून घेतला. "आजोबा, चूक आमची आहे. आधी रागवून घ्या, मग नाव सांगा." आजोबा चांगली पाच मिनिटं रागावले. मग नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट.

मी म्हणालो, "मी राजीनामा देतो." बाई पुढचा नंबर लावत म्हणाल्या, "दे की. चौतीस फोन राहिलेत, ते झाले की दे." वीस त्यांनी स्वतः केले. माझे संपले तेव्हा राग कुठे गेला होता, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षसाहेब, तुम्ही आमच्या खोलीत येऊन विचारलंत, हे कोणी केलं? मी उठायच्या आत बाई म्हणाल्या, "कोड माझ्या नजरेखालून गेलाय." गेला नव्हता, साहेब. मी तो जाऊच दिला नव्हता. आणि एरवी क्षुल्लक गोष्टीवर टेबल आपटणारा मी तेव्हा गप्प बसलो. चार वर्षं गप्पच आहे. का? पदवी नाही, दुसरीकडे कोण उभं करणार? आणि खरं सांगायचं तर तिसरी रांगही सोडवत नव्हती.

पण बाई आज घरी चालल्यात, आणि जाताना त्यांच्या हातात माझी चूक फ्रेम करून देताय. हे मला सहन होत नाही. साहेब, ती ओळ काढून मानपत्र पुन्हा छापा. उद्या दहा वाजता मी तुमच्या केबिनबाहेर असेन. मला कामावर ठेवायचं की काढायचं, ते तुम्ही ठरवा. यावेळी मी आधी दार आपटून जाणार नाही, एवढं बाईंकडून शिकलोय.

बाई उठल्यात, म्हणजे आता माइक जाणार. तेवढ्यात अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, तुम्हा सर्वांचे आभार. बाई, तुमचे मानायला तीन मिनिटं पुरत नाहीत. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. आणि चूक कोणाची म्हणून लिहायचीच असेल, तर कृपा करून यावेळी माझी लिहा.