दिवाळीपासून वाळणारं धान

पुण्याची एक पोरगी आमच्या गावात आली होती, तिचं ऐका. मले म्हणते, "आजोबा, इथे कार्यकर्ता कोण आहे? मला अभ्यास करायचा आहे."

म्हटलं, "गळ्यात दुपट्टा टाकणारे पुष्कळ आहेत. जेवणावळ असली का दिसतात."

"तसे नाही हो. रेतीचे टिप्पर कोणी अडवले?"

मग नेलं तिले कौतिकाबाईकडे. टिप्परखाली तिची शेळी मेली, तेव्हापासून ती आपलं धान डांबरी रस्त्यावर भर मधात वाळत घालते. धानावर चाक घालायची कोणाची हिंमत होत नाही. अन्न आहे ते.

पोरगी म्हणते, "मावशी, ही तुमची चळवळ ना?"

"कायची चळवळ? धान वाळून राहिलं. तू रिकामी काऊन उभी आहेस? धानात पाय फिरव, खालचं वर येते."

बिचारीनं चपला काढल्या आन् लागली पाय फिरवाले. तेवढ्यात टिप्पर आला. ड्रायव्हर उतरून बोंबलला, "अम्मा, दिवाली से सूख रहा है, अब होली आ गई!" त्यानं एक दाणा दाताखाली धरला. कडकन फुटला, मलेही ऐकू आला.

कौतिकाबाई पोरीले म्हणाली, "तू शिकलेली आहेस, तूच सांग त्याले."

पोरीनं मूठभर धान उचललं, चांगलं दाबून पाहिलं आन् म्हणाली, "गीला है, भैया. अभी बहुत गीला है."

टिप्पर मागच्या मागं गेला. पोरगी तशीच अनवाणी धानात उभी राहून मले विचारते, "आजोबा, मग कार्यकर्ता म्हणून कोणाचं नाव लिहू?"

म्हटलं, "पहिले चपला घाल."