उतरवता न आलेलं गाणं

भाऊबीज झाल्यानंतरचा दुसरा रविवार, रक्कम रुपये अडीच हजार रोख, आणि हजर तिघं: मी, माझा थोरला भाऊ म्हणजे दादा, आणि भंगारवाला अन्वरभाई. वस्तू काय, तर एक पोतंभर इंग्रजी रेकॉर्डी आणि त्यांच्याबरोबरचा बंद पडलेला प्लेअर. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या राहाता गावात कोणी सांगतं पंचवीस हजार मोजले, कोणी सांगतं फुकट मिळाल्या, आणि मला चुकीचा आकडा खपत नाही. मी पतसंस्थेत हिशेब लिहितो, तीस वर्षं तेच करतोय, मला गाण्यातलं काही कळत नाही. सूर कळायचा तो दादाला.

आमचं घर वाजवणाऱ्यांचं. आजोबा हलगी वाजवायचे, गावकीची, म्हणजे लग्न असो नाहीतर मयत, बोलावणं आलं की जायचं आणि टाकतील ते उचलायचं. धर्मांतर झालं तशी आजोबांनी हलगी खाली ठेवली ती ठेवलीच, पण वाजवायची ओढ काही रक्तातनं गेली नाही, मग त्यांनी कोपरगावच्या एका बँडवाल्याकडून जुनी क्लारनेट घेतली आणि आमच्या वडिलांना, आबांना, शिकायला घातलं. आबांनी पुढं स्वतःची बँडपार्टी काढली. आबांचा एक नियम होता, तो मी लहानपणापासून इतका ऐकलाय की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन: ठरलं तेवढं वाजवायचं, ठरलं तेवढं घ्यायचं. जास्त वाजवलं की ती भीक आणि कमी वाजवलं की ती चोरी. हलगीवाल्याच्या पोराचा नियम होता तो, त्यात त्याची इज्जत होती, आज मला ते कळतं.

बँडात गाणं उतरवावं लागतं. म्हणजे काय, तर सिनेमाचं नवीन गाणं आलं की कॅसेट लावायची, एक ओळ ऐकायची, बंद करायची, क्लारनेटवर शोधायची, परत लावायची, आणि सगळं गाणं जसंच्या तसं बोटात बसलं की मग पार्टीला शिकवायचं. वरातीत लोकांना रेकॉर्डसारखंच लागतं. दादाइतक्या लवकर गाणं उतरवणारा आमच्या तालुक्यात दुसरा नव्हता, हे मी भाऊ म्हणून सांगत नाही, दुसऱ्या पार्ट्यांचे मास्तर त्याला चहा पाजून गाणी उतरवून न्यायचे. पण दादा सोळा-सतरा वर्षांचा असताना एका वरातीत काय झालं, अंतरा संपला आणि त्यानं गाण्यात नसलेल्या चार जागा मधेच घातल्या, स्वतःच्या, सुचल्या म्हणून. आबांनी वरात थांबवली, सगळ्यांसमोर त्याच्या तोंडातनं क्लारनेट काढून घेतली आणि कानाखाली वाजवली. म्हणाले, सुपारी गाण्याची दिलीय, तुझी न्हाई. त्यानंतर दादा पुढची सगळी वर्षं वाजवत राहिला पण गाण्याबाहेरचा एक सूर त्यानं कधी काढला नाही.

मग आबा गेले, डीजे आला, आमची पार्टी मोडली. वहिनी गेल्या. दादाचे वरचे पुढचे दात पडले, आणि क्लारनेट त्या दातांवरच टेकवून धरायची असते, दात नाहीत म्हणजे हवा बाजूनं निसटते आणि सूर लोळतो. दादा आमच्याकडं राहायला आला, क्लारनेट पेटीत घालून पेटी कपाटावर ठेवली आणि ओट्यावर बसून राहिला. दिवस दिवस बोलायचा नाही. मी म्हणायचो कवळी बसवू, तर म्हणायचा, भाकर कुस्करून खाता येती, कवळी कशाला? मला दुसरा काही घोर नव्हता, मुलगी प्रज्ञा पुण्यात नर्स आहे, घराचे हप्ते फिटलेत, पण हा माणूस परत कधी वाजवणार का असाच ओट्यावर संपणार, एवढं एक मनाला लागून राहिलं होतं.

त्या रविवारी मी जुने पत्रे विकायला अन्वरभाईकडं गेलो, दादाला बळंच गाडीवर बसवून नेलं. तिथं हे पोतं होतं. अन्वरभाई म्हणाला, नगरच्या एका बंगल्याचं सामान आलंय, शिर्डी रोडचा एक हॉटेलवाला मागतोय, रंग मारून भिंतीला लावणार म्हणतो. दादानं सहज हात घातला आणि निळ्या कव्हराची एक रेकॉर्ड वर काढली, तिच्यावर एक काळा माणूस डोळे मिटून क्लारनेट वाजवत होता. दादा बघत राहिला. मग मला म्हणाला, व्हट बघ रं त्याचा, कसा धरलाय. काय सांगू तुम्हाला, कितीतरी महिन्यांनी त्यानं आपणहून मला काही दाखवलं होतं. मी अन्वरभाईला म्हटलं, हॉटेलवाल्याला नको देऊस. तो म्हणाला, साहेब, पतसंस्थेतले न्हाईत ना पैसे? म्हटलं माझ्या पगारातले आहेत, पावती दे. पावती दिली नाही त्यानं, हसत बसला.

घरी आल्यावर आमच्या मंडळींनी, सुमननं, पोतं उघडून बघितलं आणि म्हणाली, अडीच हजाराच्या काळ्या पोळ्या आणल्या दोघा भावांनी, तव्यावर टाकू का तशाच वाढू? प्लेअरचा पट्टा तुटला होता, सुई गेली होती, कोपरगावच्या रेडिओवाल्यानं आठ दिवस घेतले. मग दुपारी जेवणं झाल्यावर निळी रेकॉर्ड लावली.

मला वाटलं होतं इंग्रजी म्हणजे धांगडधिंगा असणार. तसलं काही नव्हतं. आधी मोठ्या तारेच्या वाद्याचा आवाज आला, जाड माणूस सावकाश जिना उतरतोय असा, मग ढोल, पण तो ढोल मारत नव्हते, त्याच्यावर काहीतरी घासत होते. दादा म्हणाला, ह्यो वाजवत न्हाई, झाडून काढतोय. आणि मग क्लारनेट आली. सुमन भांडी घासत होती, तिचा हात थांबला. तिच्या अंगावर काटा आला होता, तिनं मला हात दाखवला. आम्ही आयुष्यभर क्लारनेट ऐकलेली माणसं, पण ती एवढ्या जवळून, एवढ्या हळू, कानात बोलल्यासारखी कधी ऐकली नव्हती, कारण आमची क्लारनेट कायम रस्त्यावर, ट्रकच्या हॉर्नच्या वर ओरडायला लागायची.

दुसऱ्या दिवशी दादानं पेटी खाली काढली. फुंकायची नाही, नुसती बोटं चालवायची. त्यानं ते गाणं उतरवायला घेतलं, बँडवाला दुसरं काय करणार, ओळ ऐकायची, सुई उचलायची, बोटं शोधायची. तीन आठवडे लागले. एवढा वेळ त्याला कधीच लागला नव्हता, कारण मधला भाग कुठं वळेल ते सांगताच यायचं नाही. पण बसवलं, शेवटपर्यंत, रेकॉर्ड चालू आणि दादाची बोटं बरोबरीनं.

मग आम्ही दुसरी एक रेकॉर्ड लावली, तिच्या कव्हरावर नुसत्या रिकाम्या खुर्च्या आहेत, घरात आम्ही तिला खुर्च्यांची म्हणतो. वादक तोच, गाण्याचं नाव तेच, मी स्वतः वाचलं, पण ही लोकांसमोर वाजवलेली, टाळ्या वगैरे ऐकू येतात. दादा बोटं लावून बसला. सुरुवात जमली आणि पुढं सगळं चुकत गेलं. त्यानं सुई उचलली, म्हणाला, रेकॉर्ड खराब हाय. परत लावली. मग म्हणाला, दुसराच कोनतरी असंल. मी नाव दाखवलं. मग म्हणाला, मंग इसरला आसंल, म्हातारा झाला आसंल.

मी प्रज्ञाला फोन लावला. ती माहिती काढून संध्याकाळी परत बोलली, मी फोन मोठ्या आवाजावर ठेवला. म्हणाली, पप्पा, या संगीताला जाझ म्हणतात, यात गाणं सुरुवातीला आणि शेवटी, मधलं त्या वेळेला सुचेल तसं वाजवतात, दर वेळेला वेगळं. दादा पुढं सरकला. म्हणाला, म्हंजी मी जे उतरवलं ते त्याला सोत्ताला परत वाजवता यायचं न्हाई? ती म्हणाली, नाही यायचं, मोठे पप्पा, आणि कोणी तशी अपेक्षाही करत नाही. दादानं खुर्च्यांचं कव्हर उलटंपालटं करून बघितलं. मग म्हणाला, आन कोन मारत न्हाई?

प्रज्ञाला ती आबांची गोष्ट माहीत नव्हती, ती हसली, म्हणाली, मारतात कसले, टाळ्या वाजवतात, ऐका ना नीट. आणि खरंच, त्या खुर्च्यांच्या रेकॉर्डीत जिथं दादाची बोटं चुकली होती नेमकं तिथंच लोकांनी टाळ्या वाजवल्यात. प्रज्ञानं हेही सांगितलं की हे संगीत काढणारे कोण, तर ज्यांच्या आज्या-पणज्या बाजारात विकल्या गेल्या होत्या त्यांची नातवंडं. दादा एवढंच म्हणाला, आजोबांना ऐकवायला पायजे हुतं.

मग हिवाळाभर आम्ही पोत्यातल्या सगळ्या ऐकल्या. नावं मी सांगत नाही, माझ्या तोंडून उच्चार चुकायचा आणि उगाच त्या माणसांचा अपमान. पण तुम्हाला ऐकायच्या असतील तर माझ्या घरी या आणि हिरव्या कोटातल्या हसऱ्या बाईपासून सुरुवात करा. ते जाझ नाही, त्याला रिदम अँड ब्लूज म्हणतात म्हणे. ती एक ओळ म्हणते आणि मागच्या बायका झील धरतात, अगदी आपल्या भजनासारखी, आणि शेवटाला ती अशी काही हाक मारते की शब्द कळत नसूनही कळतं हिचं कोणीतरी गेलंय. सुमनला ती फार आवडते, मसाला कुटताना तीच लागते. ऑर्गनवाल्याची एक आहे, ऑर्गन म्हणजे आपली बाजाची पेटीच, पण ही पेटी एखाद्या साखर कारखान्याएवढी वाटते, छातीत घुमते. ती सकाळी लावा. आणि तिघांची पियानोची आहे ती सगळ्यात शेवटी. ती पहिल्यांदा मला अजिबात आवडली नव्हती, तो माणूस पट्टी दाबायच्या आधी इतका थांबतो की मला वाटलं सुई अडकली. आता मी त्या थांबण्याचीच वाट बघतो. माझ्यासारख्या आकड्यातल्या माणसाला हे काय आहे ते सांगता येत नाही, पण रविवारी दुपारी ती लागली की वाटतं, एवढं मोठं काहीतरी जगात होतं आणि त्रेपन्न वर्षं आपल्याला पत्ता नाही.

संक्रांतीच्या सुमारास दादानं विचारलं, कवळीला किती लागत्यात रं? मी लगेच गाडी काढली. सुरुवातीला कवळी हलायची, क्लारनेट चिरकायची, शेजारीण सुमनला विचारून गेली, तुमच्या म्हशीला बरं न्हाई का? आमच्याकडं म्हैस नाही. पण हळूहळू सूर लागला.

आणि गेल्या महिन्यात बाळू मास्तर आला, त्याची छोटी पार्टी आहे. कोपरगावकडच्या एका गावात लग्न, त्याचा क्लारनेटवाला तापानं झोपलेला. दादा म्हणाला, येतो. मी रजा टाकून बरोबर गेलो. वरात निघाली, जुनं गाणं, सगळ्यांना पाठ. दादानं ध्रुवपद वाजवलं, अंतरा वाजवला, मग परत ध्रुवपदाला यायचं तिथं दादा आलाच नाही. तो दुसरीकडंच निघून गेला. नाचणारी पोरं थांबली, ट्रम्पेटवाल्यानं तोंडातला ट्रम्पेट काढून बाळू मास्तरकडं बघितलं, नवऱ्याचा मामा ओरडला, ओ मास्तर, गाणं कुठं गेलं? दादा डोळे मिटून वाजवत होता. ढोलवाला म्हातारा आमच्या जुन्या पार्टीतला, त्यानं काय ओळखलं कोण जाणे, ठेका सोडला नाही, उलट आवाज कमी करून दादाला वाट दिली. मग एक पोरगं नुसतं डोलायला लागलं, मग त्याच्या शेजारची बाई. आणि दादा कुठून कुठून फिरून, मला वाटलं आता सापडत नाही, तेवढ्यात नेमका समेवर ध्रुवपदात उतरला, आणि अख्खी वरात ओरडली. मी साठ वर्षांच्या माझ्या भावाकडं बघत होतो आणि मला तो पहिल्यांदा दिसला.

आता तो रोज संध्याकाळी ओट्यावर वाजवतो. रोज वेगळं. त्याला असंच वाजवायला मिळो, दुसरं मला काही मागायचं नाही.

तेवढा लग्नाचा हिशेब सांगायचा राहिला. दादाचे ठरले होते बाराशे. दादानं गाण्याबाहेर वाजवलं म्हणून नवऱ्याच्या मामानं सुपारीतले चारशे कापले, बाळू मास्तरनं ते दादाच्या नावावर टाकले. मी भांडायला पुढं झालो तर दादानं माझा हात धरला, म्हणाला, ऱ्हाऊ दे, आठशाचं त्यांचं गाणं, चारशाचं माझं हुतं. दादाला मिळाले रुपये आठशे, रोख, मांडवाच्या दाराशी, माझ्या देखत.