सेल्विनला न पटलेलं पाणी

...आणि वर मलाच म्हणतो, "नोरीन, डोळे तपासून घे तुझे!" मला! नाकात नळ्या ह्याच्या, पाय सुजून उशीएवढे झालेले ह्याचे, आणि डोळे तपासायचे कुणी, तर मी! तुम्हाला सांगते, आमच्या सेल्विनसारखा हट्टी माणूस ह्या मिठाच्या मुलखात दुसरा झाला नाही, आणि झाला असता तर त्याच्याही गळ्यात मलाच बांधली असती, माझं नशीबच तसलं... बसा ना, उभे का? चहा ओतते. माश्या हाकलत बसू नका, त्या जात नाहीत, आम्ही केव्हाच नाद सोडलाय.

तुमचं बरं आहे, विमानातून गिरकी मारली, सरोवर बघितलं, खटाखट फोटो काढले, झालं! मला एका माणसाला ते पाणी दाखवायचं होतं. एकाच! तेवढंही जमू नये?

आता बघा, एरवी हे सरोवर म्हणजे नुसतं कोरडं मीठ, आणि इथं थेंब पडलेला नाही. वर क्वीन्सलँडात केव्हातरी धो धो कोसळला, तिथल्या नद्या रमतगमत निघाल्या, आणि इथं आभाळ निळंशार असताना खालून पूर हजर! किती वर्षांनी येतो, कुणी सांगावं? आणि आमचा सेल्विन जन्मला इथं, गुरं राखली इथं, पण भरलेलं सरोवर त्यानं जन्मात बघितलं नव्हतं. एकदा भरलं, तेव्हा हा गुरं घेऊन लांब गेलेला. पुढच्या वेळी घरीच होता, तर म्हणतो, "कुंपण दुरुस्त करायचंय." कुंपण! ते कुंपण अजून पडलेलंच आहे.

तर ह्या खेपेला मर्टलचा फोन आला. मर्टल म्हणजे आमची शेजारीण, अरबाना आहे ती, इथल्या मूळ लोकांपैकी, तिच्या आज्या-पणज्यांपासूनची ही जमीन. तिला गोड बोलायची सवयच नाही. "पाणी पोचलंय. सेल्विनला घेऊन जा. काठावरूनच बघा, आत शिरून धिंगाणा नको. आणि हे बघ नोरीन, आज-उद्या करू नकोस." मला कळलं ती काय म्हणतेय. डॉक्टरही तेच म्हणाला होता, फक्त त्याला जास्त वेळ लागला.

म्हणून घातला गाडीत. उश्या, कांबळं, ऑक्सिजनचं नळकांडं मांडीवर, थर्मास, मटणाचे सँडविच, सगळा संसार! आणि तो रस्ता... पन्हाळी पत्र्यावरून गाडी हाकल्यासारखा. हा सबंध वाटभर, "हळू! दगड! डावीकडे! तुला कुणी शिकवली गाडी?" अरे, तूच शिकवलीस ना मेल्या!

पोचलो. आणि समोर... काय सांगू तुम्हाला, समोर पाणी! जिथवर नजर जाते तिथवर पाणी, आभाळ त्यात उतरलेलं, मला तर रडूच फुटलं. म्हटलं, "सेल्विन, बघ!" तर हा डोळे बारीक करून बघतो, बघतो, आणि म्हणतो काय?

"नोरीन, ते पाणी नव्हे."

म्हटलं, मग काय आहे?

"मृगजळ. ऊन मिठावर नाचतंय. सगळा जन्म बघतोय मी. दिसतं ते पाणी नसतं."

म्हटलं, अरे, त्यावर पेलिकन उडतायत! तर म्हणतो, "तेही फसतात. मूर्ख पक्षी." समुद्रावरून एवढ्या लांब आलेले हजारो पक्षी मूर्ख, आणि हा एकटा शहाणा! बरं, पाण्यालाही काही अक्कल? आमचं सरोवर एवढं उथळ, की वारा फिरला की अख्खं पाणीच सरकतं. नेमका तेव्हाच वारा फिरला आणि डोळ्यांदेखत काठ चिखल सोडून मागं हटायला लागला. झालं! ह्याच्या अंगात जोरच आला. "बघ! सरकलं! खरं पाणी असं पळतं का कधी? आपण जवळ गेलो की ते लांब जातं, तेच मृगजळ! चल, गाडी वळव."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, थांब, तुझ्या पुढ्यातच आणून ठेवते! त्याच्या डोक्यावरची टोपी ओढली आणि निघाले तरातरा. वर मिठाचा पापुद्रा, खाली काळा चिखल, पाऊल टाकलं की पोटरीपर्यंत आत, एक बूट तिथंच गेला, अजून तिथंच आहे. आणि मागून हा हॉर्न वाजवतोय. पँ... पँ... पँ... आणि त्या छातीत जेवढा दम होता तेवढा लावून ओरडतोय, "नोरीन! ते पाणी नव्हे! मागं फिर!" मी मनात म्हणतेय, वाजव, बॅटरी उतरव, मग आपण दोघं इथंच राहू, खारवून! मी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. तुम्ही तरी बघितलं असतं का? एवढं चिडल्यावर?

काठावर वाकले, टोपी भरली. अर्धी वाटेतच गळाली. पण आणली! विजयी मुद्रेनं खिडकीशी आले, आणि बघते तर...

नळ्या काढून फेकलेल्या. ओठ निळे. दार अर्धं उघडलेलं, एक पाय बाहेर, पायात उभं राहायचं त्राण नाही, पण हा उतरायला निघालेला. आणि रडत होता. सेल्विन! ह्या माणसाला बापाच्या मयतीला रडताना बघितलं नाही मी.

नळ्या बसवल्या. कांबळं गुंडाळलं. बऱ्याच वेळानं श्वास ठिकाणावर आला, मग त्यानं टोपीत बोट बुडवलं, चाटलं. मला वाटलं, आता तरी पटेल! तर हा टोपीकडं बघत म्हणाला, "क्लेमनं किटली नेली होती."

क्लेम ह्याचा धाकटा भाऊ. ऐन विशीत गेला, तहानेनं, ह्याच सरोवरावर, एवढं मला ठाऊक होतं. ट्रक चिखलात रुतला, जवळचं पाणी संपलं, क्लेम मृगजळामागं गेला. सगळा मुलूख तेवढंच सांगतो. पुढचं मला एवढ्या वर्षांच्या संसारात त्या दिवशी कळलं.

"टपावर मी चढलो होतो," म्हणाला. "मलाच दिसलं. मीच म्हणालो, जा क्लेम, ते बघ पाणी, जवळच आहे. तो म्हणत होता, थांबू या. मी म्हणालो, जा."

मी आपले सँडविच उलगडले.

मग ऊन उतरेपर्यंत बसलो. पेलिकनांचा एक थवा आला, खाली उतरला, पाय पुढं करून घसरत, पाणी उडवत, आणि तरंगत राहिला. हा बघत होता.

"बसले," म्हणाला.

मी हळूच म्हटलं, "कशावर बसले, सेल्विन?"

"बसले म्हणून सांगतोय ना!"

बस्, एवढंच! चाटून झालं, पक्षी तरंगताना बघून झाले, पण हा माणूस 'पाणी' म्हणेल तर शपथ!

पुढं पोर्ट ऑगस्टाच्या हॉस्पिटलात नेला. तिथली नर्स मोठी गोड पोरगी. ह्याच्या कानाशी वाकून म्हणते, "काय आजोबा, भरलेलं सरोवर बघून आलात म्हणे! पाणी कसं होतं?" हा डोळे मिटूनच म्हणतो, "पाणी-बिणी काही नव्हतं." मी कपाळावर हात मारला. तर पुढं म्हणतो, "पण ही गेली ना... ती परत आली." दोन दिवसांनी गेला तो.

तर तुम्ही विचारत होता, गाडीनं काठापर्यंत जावं का? जा की! मर्टलनं सांगितलंय तसं काठावरून बघा. मीही गेले परवा, एकटी. वारा पडला होता, पाणी अगदी गाडीपर्यंत आलेलं, चिखल तुडवायचीही गरज नाही. मी काच खाली केली, म्हटलं, "बघ, पाणी." आणि वाट बघत बसले... भांडायची सगळी तयारी करून गेले होते हो मी. कुणी 'ते पाणी नव्हे' म्हणेचना.

आता एवढं खरं पाणी घेऊन मी करू काय, सांगा बघू? ...चहा घ्या, निवला.